आवारातला पाचवा दगड

ये बाई, अशी जवळ येऊन बस. तो मोबाईल पालथा ठेव आधी. मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे. माझ्या धाकट्या बहिणीची लेक तू, म्हणून हक्कानं भांडते. दर आठवड्याला फोन करतेस, "मावशी, विकलं का घर?" म्हणतेस, आणि मी "ऐक तर" म्हणते तोवर तुझा कुकर वाजतो, नाही तर दारावर कुणी येतं. एका शब्दात सांगण्यासारखं असतं तर कधीच सांगून मोकळी झाले असते. म्हणून लिहायला बसले. कागदाला कुकर नसतो.

घर विकलं नाही. विकता विकता थांबलं, आणि ते माझ्याच तोंडानं थांबलं.

आमचं बोरगाव मेघेचं घर तुला पाठ आहे. पुढे दोन खोल्या, मधे स्वयंपाकघर, मागे लांबलचक आवार, आणि आवाराच्या टोकाला कुंपणाशी पाच काळे दगड. लहानपणी सुट्टीत आलीस की तू त्या दगडांवर बसून चिंचा खायचीस आणि मी तुला हात धरून उठवायची. तुला वाटायचं, मावशीला मेलेल्या कुत्र्यांची फारच माया. माया होतीच. तीन कुत्री आणि एक मांजर, चौघांनीही आमच्या घरात जीव सोडला, आणि तुझ्या मावसाजींनी चौघांनाही तिथे पुरलं, वर एकेक दगड ठेवला.

पण तीन आणि एक चार होतात. पाचव्या दगडाखाली माझी पहिली मुलगी आहे. सात दिवसांची होती.

तेव्हा इथे लेआऊट वगैरे नव्हतं. आमचं घर, दूर अजून एक घर, आणि मधे सगळी तूर. माझी आई त्या साली अंथरुणाला खिळलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. पोरगी पुरते नऊ महिने भरून झालेली, आवाजाची खणखणीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर पिवळेपण दिसायला लागलं. मावसाजी सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला होते. ते म्हणाले, "लेकराइले येतेच असं पिवळेपन. सकाळच्या उनात धरत जाय तिले." पण ऊन होतं कुठे. श्रावण लागला होता, चार दिवस सूर्य दिसला नाही. सहाव्या दिवशी ते ड्युटीवर गेले आणि मधला नाला पुलावरून वाहायला लागला. ते तिकडे अडकले, आम्ही इकडे. सातव्या दिवशी दुपारी पोरगी गेली. पाणी उतरल्यावर ते आले, तेव्हा सासूबाईंनी तिला दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

एवढंसं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. पुरायची जागा नाल्यापलीकडे होती. सासूबाई म्हणाल्या, "तिकडं नाई नेत मी इले. तिकडं कोल्हे उकरतेत. आपल्या आवारात आपल्या नजरेखाली राहीन." खड्डा मावसाजींनी खणला. खाली खडं मीठ, वर खडं मीठ, त्यावर माती, मातीवर बोरीच्या काट्या, आणि एक काळा दगड. नाव नव्हतं ठेवलेलं. बाराव्या दिवशी ठेवणार होतो.

सासूबाई खंबीर बाई. धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा टाकणं, सगळं बंद केलं होतं त्यांनी. पण एवढं मात्र बजावलं मला, "पुढच्या लेकराइले सांगू नको कधी. घरातच बहीण पुरली हाये म्हटल्यावर त्याइच्या मनात भेव बसते."

दोन-तीन महिन्यांनी आमचा काळा कुत्रा मेला. मावसाजींनी त्याला मुद्दाम तिच्याशेजारी पुरलं. मला राग आला. म्हटलं, "लेकराच्या बाजूले कुत्रं काऊन?" ते खाली बघत म्हणाले, "एकटा दगड दिसला का मानूस इचारते. दोन दिसले का नाई इचारत."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. मुलगा झाला, मोठा झाला, दगड वाढत गेले. तो मित्रांना दाखवायचा, "हे आमच्या कुत्र्याइचं स्मशान." मी ऐकून घ्यायची.

आता चूक कुठे झाली ते सांगते. मुलगा सातवी-आठवीत असताना मागे संडासाची टाकी खणली. मी तेव्हा माहेरी गेलते. मजुरांनी येण्याजाण्याला अडचण नको म्हणून पाचही दगड उचलून भिंतीशी रचले, आणि माती लोटून जागा सपाट केली. काम झाल्यावर मावसाजींनी दगड परत ठेवले. मी आले तर पाचही दगड शाळेतल्या पोरांसारखे एका रांगेत. आधी ते असे नव्हते, एक पुढे, दोन मागे, एक पार कुंपणाला टेकलेला. मी विचारलं, "आपला कोन्ता?" ते म्हणाले, "तिसरा." लगेच म्हणाले. विचार करून म्हणाले असते तर माझा जास्त विश्वास बसला असता.

तरी मी धरलं, तिसरा. दर पौर्णिमेला वंदना झाली की एक मेणबत्ती तिसऱ्या दगडापाशी लावायची. मुलाला वाटायचं, आईचा तांबडा कुत्रा लाडका होता, त्याच्यासाठी. वर्षांवर वर्षं गेली. चार वर्षांपूर्वी मावसाजी आजारी पडले, तेव्हा एका सकाळी मी त्यांचं अंग पुसत होते. ते एकदम म्हणाले, "तिसरा म्हनलो ना मी तुले. तुले बरं वाटावं म्हनून म्हनलो. मलेबी नाई समजलं होतं." मी म्हटलं, "मंग कोन्ता?" त्यांनी डोळे मिटले. झोपले की उत्तर नव्हतं म्हणून मिटले, मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि दोन दिवसांनी ते गेले.

हे सगळं पोटात ठेवून मी घर विकायला निघाले होते. माझी अक्कल बघ.

मुलगा नागपुरात. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "आई, तू न्हानीत पडली तर शेजारच्याइले दोन दिवसांनी समजंन," असं म्हणाला. गिऱ्हाईकही चांगलं मिळालं, देवळीकडचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. सभ्य माणसं. चप्पल बाहेर काढून आत आले, मावसाजींच्या फोटोला हात जोडले. आवार बघताना मास्तरांनी दगडांकडे बोट केलं. मुलगा हसत सांगायला लागला, हा काळा, हा तांबडा, हा एका कानाचा, ही मांजर. चार झाले आणि तो थांबला.

मास्तर म्हणाले, "अन् हा पाचवा?"

"माह्या जन्माआधीचा असंन. आईले इचारा."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "जुना कुत्रा होता एक."

बाई, आजवर बाकीचे म्हणायचे, मी फक्त ऐकायची. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझ्या तोंडानं तिला कुत्रं म्हटलं. संध्याकाळी जेवण गेलं नाही मला.

मास्तरांची एकच अट होती. उन्हाळ्यात ह्या भागात नळाचं काही खरं नसतं, म्हणून रजिस्ट्रीच्या आधी आवारात बोअर मारून पाणी लागतं का बघायचं. मास्तर विज्ञान शिकवायचे, पण बोअर म्हटलं की सगळे सारखे. शुक्रवारी ते पाणी पाहणारा घेऊन आले. काटकुळा, साठीचा माणूस. पायातलं काढलं, तळहातावर नारळ आडवा ठेवला, आणि आवारभर हळूहळू चालायला लागला. चाफ्यापाशी काही नाही. टाकीपाशी काही नाही. मग दगडांच्या रांगेकडे वळला. पहिला दगड, दुसरा दगड. तिसऱ्यापाशी नारळ हातावर सरळ उभा राहिला.

मुलगा हसला. "काका, तिथं उतार हाये. हात वाकला तुमचा."

तो माणूस हसला नाही. दोनदा मागे जाऊन परत आला, आणि दोन्ही वेळा नारळ तिथेच उठला. "इथंच मारा," म्हणाला. मग नळाखाली पाय धुवायला गेला. इतका वेळ अनवाणी फिरला होता, पाय धुणारच माणूस. पण तो धूतच राहिला, आणि निघताना, आला होता त्या कुंपणाकडच्या फाटकानं गेला नाही, पुढच्या फाटकानं गेला. मास्तरांच्या हे लक्षातसुद्धा आलं नाही. ते फोनवर बोअरच्या गाडीची वेळ ठरवत होते. सोमवार सकाळ. दोनशे फूट.

मी भूत मानत नाही. सासूबाईंनी ते कधीच माझ्यातून काढलं होतं. नारळही मानत नाही. पण ती गाडी मी पाहिलेली आहे. मागच्या गल्लीत बोअर मारला तेव्हा जमिनीतून राखेसारखा चिखल उसळत होता, आणि पोरं त्यात काठ्या घालून काय काय निघतं ते बघत होती.

शनिवारी दुपारी मी टोकदार लोखंडी सब्बल घेऊन मागे गेले. वाटलं, बाजूनं थोडं टोचून बघावं. कशाला, ते मला विचारू नकोस. काय लागलं असतं म्हणजे मला कळलं असतं, हेही ठाऊक नव्हतं. दोन-चार घाव घातले तर भिंतीवरून शेजारीण डोकावली.

"काय काकू, सोनं पुरलं काय?"

"हो, तुह्यासाठीच ठेवलं होतं."

"मंग थांबा, घमेलं आनतो."

आम्ही दोघीही हसलो. ती आत गेली, आणि मी तिथेच दगडाला टेकून बसले.

रविवारी मुलगा आला, दुसऱ्या दिवशीच्या बोअरसाठी. तो जेवत होता तेव्हा मी सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, पाचव्या दगडाखाली कुत्रा नाही, तुझी मोठी बहीण आहे.

त्यानं घास तसाच हातात धरला. "किती दिवसाची?"

"सात."

"नाव?"

"ठेवलं नव्हतं."

"अन् पाचवा म्हंजे कोन्ता? कोनीकडून पाचवा?"

"ते नाई माहीत बाबा मले. तुह्या बाबालेबी नव्हतं."

तो उठला, हात धुतले, मागे जाऊन बराच वेळ दगडांसमोर उभा राहिला. आत आला आणि मला काही न विचारता मास्तरांना फोन लावला. तो बापासारखा नाही. त्याला झाकून ठेवणं जमत नाही.

संध्याकाळी मास्तर आणि त्यांची बायको दोघं आले. चहा केला, तो कपातच निवला. मास्तर म्हणाले, "काही कागद हाये काय?"

"कशाचा?"

"लेकरू कसं गेलं, त्याचा."

कागद कसला असणार. दाईच्या हातून घरात जन्मली, घरात गेली, घरात पुरली. ना जन्माची नोंद, ना मरणाची. मी नाही म्हटलं. मग त्यांची बायको बोलली. अगदी मऊ आवाजात बोलली. "पोरगी होती ना, माय? मंग तिले घरीच काऊन पुरलं?"

आधी मला प्रश्न कळलाच नाही. मी नाल्याचं, कोल्ह्यांचं सांगायला लागले. बोलता बोलता माझं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि नकोशी होती म्हणून का, असं ती विचारत होती, ते मला कळलं. त्यानंतर मी जे बोलत गेले ते सगळं सारवासारव केल्यासारखं माझ्याच कानाला ऐकू येत होतं.

बोअरची गाडी आली नाही. मास्तरांनी घर नको म्हणून कळवलं. एवढ्यावर संपलं असतं तर मी सासूबाईंच्या फोटोच्या पाया पडले असते. पण गोष्ट फाटकाबाहेर गेली. आठ दिवसांत किराणा दुकानात कुजबुज, विहारात मी बसले की शेजारच्या चटईवरची बाई थोडी सरकते. शेजारीण भिंतीवरून डोकावायची बंद झाली. एक दलाल आला, त्यानं तर सरळ सांगितलं, "काकू, गोटे फेकून द्या, वरतून फरशी टाका, मंग गिऱ्हाईक आनतो. लोक दोन पोरी म्हनून राह्यले." एक होती, बाई. लोकांच्या तोंडात ती वाढते आहे. परवा दोन पोरं कुंपणाबाहेर गाडी थांबवून मोबाईलमध्ये दगडांचे फोटो काढत होती. मी दार उघडलं तर त्यांनी माझाही काढला.

हे सगळं मी सोसलं असतं. लोक बोलतात आणि दमतात. जे सोसवत नाही ते पुढेच आहे.

गेल्या गुरुवारी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "आई, ती काविळीनंच गेली ना?"

"हो."

"तू पाह्यलं?"

आणि मी गप्प झाले. दोन श्वासांएवढी.

खरं सांगते, ती गेली तेव्हा मी झोपलेली होते. तीन रात्री डोळा लागला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "दे इकडं, पड थोडीशी." मी उठले तेव्हा लेकरू गुंडाळलेलं होतं. सासूबाईंवर मी कधी संशय घेतला नाही. घेणारही नाही. दुधात बोट बुडवून थेंब थेंब पाजत होत्या त्या तिला. मला जागं केलं तेव्हा डोळे सुजलेले होते त्यांचे. पण "तू पाह्यलं?" ह्याला "नाही" हेच उत्तर होतं, आणि ते मी आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं. म्हणून जीभ अडली. त्यानं माझं पुढचं बोलणं ऐकलंच नाही, मी गप्प बसले तेवढंच ऐकलं. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

शनिवारी परत फोन आला. ठरवून टाकलंय म्हणाला. येत्या रविवारी दोन मजूर घेऊन येतो. पाचही दगड काढायचे, पाचही जागा उघडायच्या, तिचं जे काही असेल ते मडक्यात घेऊन नाल्यापलीकडे नीट ठेवायचं, भंतेजींना बोलावून चार शब्द म्हणायचे. तुझ्या मनाला शांती मिळंल, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मनाचं मी बघते, तू खणू नको. तर म्हणाला, "मंग सांग, कोन्त्या दगडाखाली हाये. एकच उघडतो." तेच तर मला सांगता येत नाही.

त्याला काय बघायचं आहे ते मला कळतं. पण बघायला मिळणार काय? सात दिवसांचं लेकरू, वर इतक्या वर्षांचं मीठ आणि पाणी. कुत्र्यांची हाडं निघतील, मांजरीची निघतील. तिचं काहीच निघालं नाही तर तो मला काय समजेल? निघालं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं, तर? तो डॉक्टर नाही. त्याला कुठलंही हाड मोडलेलंच वाटेल आता. दिवसभर मी खिडकीतून ते पाच दगड बघते. पन्नास वर्षं होत आली, एवढ्या वर्षांत मला त्यांची भीती वाटली नव्हती. आता संध्याकाळ झाली की मी मागचं दार लावून घेते.

तिला जिवंत पाहिलेलं आता माझ्याखेरीज एकच माणूस उरलं आहे. तुझी आई. तुला तिनं सांगितलं असेल, नसेल. ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची. हाताखाली म्हणून आली होती, आणि पाचव्या दिवशी बाबा तिला परत घेऊन गेले, पाऊस वाढायच्या आधी. ती लेकराला मांडीवर घेऊन बसायची. "ताई, इचे डोळे हळदीवानी काऊन दिसतेत?" असं तिनंच मला विचारलं होतं. मला तरी असं आठवतं. तिला आठवतं की नाही, हे मी आजवर विचारलं नाही, आणि आता फोनवर विचारायची हिंमत होत नाही. नाही म्हणाली तर मग काय करू?

तू तिला काही पढवू नकोस. तुझ्या तोंडून हळद शब्दसुद्धा जाऊ देऊ नकोस. तिला फक्त घेऊन ये. माझ्या मुलासमोर बसेल, त्याला जे विचारायचं ते विचारू दे, आणि तिला जे आठवेल ते ती सांगेल. ते ऐकूनही त्याला खणायचंच असेल तर खणू दे.

आज मंगळवार आहे. हे पत्र उद्या-परवा तुझ्या हाती पडेल. पडलं की उशीर करू नका गं. शनिवारची सकाळची बस धरा, आईला खिडकीकडे बसव, तिला गाडी लागते. मी दुपारपर्यंत तुमची वाट बघते.